कहा-सुना माफ

मी तेव्हा पाचवीत की सहावीत असेन. सोयगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढणं, भाड्याने सायकल देणं आणि उरलेल्या वेळात आम्हा पोरांना हाकलणं, असा त्यांचा एकूण कारभार. तर एका संध्याकाळी चाचा कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आमच्या ओट्यावर आले. बाबा पेपर वाचत बसले होते.

"भाऊ, हजला चाललो. कहा-सुना माफ करा. पैशाअडक्याचं काही राहिलं असंल तर तेबी सांगा."

बाबा एकदम गडबडले. "भाई, असं काय बोलता? राहिलं असलं तर आमच्याकडेच तुमचं राहिलं असेल!"

पण चाचा हलायला तयार नाहीत. "तसं नाही. तोंडानं म्हना, माफ केलं."

बाबांनी म्हटलं. मग चाचा माझ्याकडे वळले. "तू बी म्हन रे. तुला दुकानातून हाकललंय बऱ्याचदा." मी फिदीफिदी हसत "माफ केलं" म्हटलं आणि आत पळालो. चाचा पुढच्या घरी गेले. त्या संध्याकाळी त्यांनी अख्खी गल्ली पालथी घातली.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत चाचांच्या पोराने (तो माझ्याच वर्गात होता) मला जहन्नमची पूर्ण माहिती दिली होती. आग, उकळतं पाणी, काटेरी फळं वगैरे. आणि शेवटी अगदी सहज सांगितलं की जे कलमा पढत नाहीत ते तिकडेच जातात. म्हणजे मी, आई, बाबा, आजी, सगळेच. मी जाम टरकलो होतो. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डोक्यात एकच भुंगा : आम्ही जर जहन्नममध्येच जाणार असू, तर आमची माफी चाचांना कशाला हवी?

तेव्हा कोणाला विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर सापडायला वीसेक वर्षं गेली, आणि ते सापडलं आमच्याच जिल्ह्यात, खुलताबादला. आज त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याला हे सगळं तुकड्या-तुकड्यांत, आणि तेही बहुतेक हिंदी सिनेमांतून माहीत असतं.

आपल्याकडचा नरक म्हणजे एक मुक्काम. पापाची फळं भोगायची, की पुन्हा जन्म. बौद्धांचंही तसंच. अजिंठ्याची लेणी आमच्याच सोयगाव तालुक्यात येतात. तिथे १७ नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात डाव्या भिंतीवर जन्म-मरणाचं एक मोठं चक्र रंगवलेलं आहे, आता त्याचे तुकडेच उरलेत. चक्र म्हणजे फिरणारी गोष्ट, आज खाली तर उद्या वर. इस्लाममध्ये हे चक्र नाही, सरळ रेषा आहे. जन्म एकदाच, मृत्यू एकदाच, हिशेब एकदाच. रीटेक नाही.

मेल्यावर लगेच स्वर्ग-नरक असंही नाही. आधी कबर. तिथे मुनकर आणि नकीर असे दोन फरिश्ते येऊन प्रश्न विचारतात : तुझा रब कोण, तुझा धर्म कोणता, तुझा पैगंबर कोण? त्यानंतर कयामतपर्यंतचा जो मधला काळ, त्याला 'बर्जख' म्हणतात. मूळ अर्थ पडदा किंवा अडसर. मग इस्राफील तुतारी फुंकणार, सगळे मेलेले उठणार, ज्याच्या त्याच्या कर्मांची वही ज्याच्या त्याच्या हातात येणार. चांगल्यांच्या उजव्या हातात, बाकीच्यांच्या डाव्या. मग मीजान, म्हणजे तराजू. आणि जहन्नमवरून जाणारा सिरातचा पूल, परंपरेने सांगितल्याप्रमाणे केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार. पलीकडे जन्नत. जहन्नमला सात दरवाजे आहेत असं कुराणात आहे. जन्नतला आठ, हे हदीसमध्ये. (एक दरवाजा जास्त आहे, हे मला कायम दिलासा देणारं वाटलं आहे.)

आता जन्नत म्हणजे काय? शब्दाचा साधा अर्थ बाग. 'फिरदौस' हा शब्द तर जुन्या इराणी भाषेतून आलाय, अर्थ भिंतीने वेढलेली बाग. तोच ग्रीकमधून फिरत फिरत इंग्रजीत जाऊन 'पॅराडाइज' झाला. आणि कुराणात ह्या बागांचं वर्णन वारंवार येतं ते असं, की त्यांच्या खालून नद्या वाहतात. वाळवंटातल्या माणसाला ह्याचं काय मोल वाटलं असेल हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. मराठवाड्यातल्या माणसाला लागत नाही. उन्हाळ्यात टँकरमागे हंडा घेऊन पळालेल्या कोणालाही विचारा, स्वर्ग म्हणजे काय. खालून वाहणारं पाणी, बस्स!

आणखी एक तपशील मला फार आवडतो. कुराणाच्या ५६व्या सूरेत स्वर्गातल्या झाडांत 'सिद्र' नावाचं झाड आहे, आणि ते बिनकाट्यांचं आहे. सिद्र म्हणजे बोराच्याच जातीचं झाड. त्याच्या पुढे 'तल्ह' आहे, एकावर एक फळं लगडलेलं, आणि बऱ्याच भाष्यकारांनी त्याचा अर्थ केळ असा लावलाय. बिनकाट्यांची बोर आणि केळीचे घड! बांधावरच्या बोरीने हातपाय ओरबाडून घेतलेल्या आणि खानदेशच्या सीमेवर केळी खात वाढलेल्या पोराला ह्याहून ओळखीचा स्वर्ग कोण देणार? चाचांच्या पोराने मला फक्त जहन्नम सांगितला, हा भाग गाळला. पोरं ती पोरंच.

तर गेल्या लाँग वीकेंडला पुण्याहून गावी जाताना छत्रपती संभाजीनगरला (आमच्या लहानपणीचं औरंगाबाद) एक दिवस मुक्काम टाकला. डोक्यात चाचांचाच विषय होता. का, ते शेवटी सांगतो. म्हटलं दोन जागा नीट बघायच्या. सहलीत शंभरदा बघितल्यात, पण सहलीत आपण डब्याकडे जास्त बघतो.

पहिली जागा बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली बाळंतपणानंतर वारली, तिची ही कबर. दरवाजावरच्या लेखात १६६०-६१ हे साल आहे आणि अताउल्ला, हंसपत राय अशी नावं आहेत. खर्चाचा आकडाही नोंदलेला आहे, ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजमहालाशी तुलना करून ह्याला 'गरिबांचा ताज' म्हणायची पद्धत आहे, ती सोडून द्या. मुद्दा बागेचा आहे. उंच भिंतींच्या आत सुमारे ४५८ मीटर बाय २७५ मीटरचं आवार, कालवे आणि कारंजी, बागेचे आखीव चौकोन, आणि मधोमध कबर. ह्याला चारबाग म्हणतात. कुराणात स्वर्गातल्या चार प्रकारच्या नद्या सांगितल्या आहेत : पाण्याची, दुधाची, मद्याची (हे मद्य चढत नाही) आणि मधाची. चारबागेचा नेहमी तोच अर्थ लावतात. थोडक्यात, माणूस मेल्यावर त्याने जिथे जावं असं आपल्याला वाटतं, ती जागा इथेच बांधून त्याला तिच्यात ठेवायचं. निकाल लागायच्या आधीच पेढे वाटल्यासारखं.

आत गेल्यावर कठड्यावरून वाकून खाली बघावं लागतं. अष्टकोनी संगमरवरी जाळी आणि तिच्यात कबर. लोक वरून नाणी टाकतात. इथे मला आठवलं ते दिलरस बानूला दिलेलं नाव, राबिया-उद-दौरानी. म्हणजे 'ह्या युगाची राबिया'. मूळची राबिया ही आठव्या शतकातली बसऱ्याची सूफी संत, आधी गुलाम होती म्हणतात. तिची एक कथा सूफी लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. ती एका हातात पेटती मशाल आणि दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं घेऊन रस्त्याने पळत होती. लोकांनी विचारलं, कुठे? तर म्हणाली, स्वर्गाला आग लावायला आणि नरक विझवायला. म्हणजे लोक लालूच किंवा भीती सोडून देवासाठी देवावर प्रेम करतील. आणि जिला हिचं नाव दिलं, तिलाच नेऊन ठेवलं स्वर्गाच्या नकाशात! माझी खात्री आहे, मूळ राबिया इथे आली असती तर तिने आधी काडेपेटी शोधली असती.

दुसरी जागा तिथून साधारण २५ किलोमीटरवर. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला की खुलताबाद. ह्या गावाचं जुनं नाव रौजा, जुनी माणसं अजून रोजा म्हणतात. 'रौजा' म्हणजे बाग आणि 'रौजा' म्हणजेच थोरामोठ्यांची कबर. हे दोन अर्थ उगाच चिकटलेले नाहीत. कबर ही एकतर स्वर्गातली बाग असते नाहीतर नरकातला खड्डा, असं एक जुनं वचन मुसलमानांत सांगतात.

मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवायचं ठरवलं, तेव्हा दिल्लीहून जे लोक आले त्यात चिश्ती सूफी होते. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच १३३७ साली वारले. त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी १३६९ साली. संतांजवळ पुरलं गेलं तर कयामतच्या दिवशी त्यांच्या सोबत उठू, ते आपल्यासाठी रदबदली करतील ही श्रद्धा. तिला 'शफाअत' म्हणतात. मग काय, जो तो इथेच. १६२६ साली वारलेला मलिक अंबर इथे आहे, ज्याने उभं आयुष्य मोगलांना दख्खनेत शिरू दिलं नाही. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशाह इथे आहे. हैदराबादचा पहिला निजाम, १७४८ साली वारलेला, इथे आहे. आणि औरंगजेबही इथेच.

मोगलांची एक रीत होती. बादशहा वारला की त्याचं नाव घ्यायचं नाही, नवी पदवी वापरायची. बाबर झाला 'फिरदौस-मकानी', हुमायून 'जन्नत-आशियानी', जहांगीर 'जन्नत-मकानी', शाहजहान 'फिरदौस-आशियानी'. अर्थ सगळ्यांचा एकच, स्वर्गात घर किंवा घरटं करून राहिलेला. औरंगजेबाची पदवी 'खुल्द-मकान'. खुल्द म्हणजे कायमचं राहणं, अक्षय स्वर्ग. त्यावरून गावाचं नाव खुल्दाबाद, आणि आपल्या मराठी जिभेने त्याचं केलं खुलताबाद. दरबाराने एका कागदाने माणसाला स्वर्गात पाठवून दिला की हो!

पण ज्याला पाठवला, त्याला स्वतःला ही खात्री नव्हती. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) वारला, वय ८८. आयुष्याची शेवटची २६ वर्षं दख्खनेतल्या लढायांत घालवून. कबर जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. वर घुमट नाही, छप्पर नाही. मातीची कबर, तीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी पार विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, लॉर्ड कर्झनच्या सांगण्यावरून झालेली. त्याच्या नावाने जे मृत्युपत्र सांगितलं जातं त्यात टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनासाठी आणि कुराणाच्या नकला करून मिळवलेले ३०५ रुपये फकिरांना वाटा असं आहे. शिवाय मला उघड्या डोक्याने पुरा, कारण उघड्या डोक्याने समोर आलेल्या गुन्हेगाराची त्या मोठ्या दरबारात कीव केली जाईल. शेवटच्या दिवसांत मुलांना लिहिलेल्या पत्रांतही हाच सूर : सोबत फक्त पापांचं ओझं घेऊन निघालोय, पुढे काय शिक्षा आहे ठाऊक नाही. बायकोसाठी साडेसहा लाखांची बाग आणि स्वतःसाठी चार रुपये दोन आण्यांचं कापड. मकबरा बांधणारा काळ तरुण होता, त्याला स्वर्गाची खात्री होती. इथे फक्त भीती आणि थोडीशी आशा.

नुसता साधेपणा दाखवून, नमाज-रोजे मोजून हिशेब चुकता होतो का? इथेच मला चाचांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं.

इस्लाममध्ये देणी दोन प्रकारची मानतात. एक देवाचं देणं : नमाज, रोजा वगैरे. दुसरं माणसांचं देणं, 'हुकूक-उल-इबाद'. हुकूक म्हणजे हक्क ह्या शब्दाचं अनेकवचन. आपल्या मराठीतला हक्क तोच, आणि आपला हिशेबही तिथलाच. देवाचं देणं चुकलं तर देव मोठ्या मनाने माफ करू शकतो. पण माणसाचा हक्क मारला असेल, कोणाला छळलं, लुबाडलं, बदनाम केलं असेल, तर ते त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, तिकीट ज्याने उघडलं त्यानेच बंद करायचं, ॲडमिनलाही परस्पर क्लोज करता येत नाही.

पैगंबरांचं एक वचन 'सहीह मुस्लिम' ह्या मान्यवर हदीससंग्रहात आहे, त्याचा आशय असा. खरा मुफलिस, म्हणजे कंगाल कोण? जो कयामतला नमाज, रोजे, दानधर्म यांचा ढीग घेऊन येतो, पण ह्याला शिवी दिलेली, त्याचं लुबाडलेलं, अमक्याचं रक्त सांडलेलं. मग त्याचं पुण्य एकेका घेणेकऱ्याला वाटलं जातं. पुण्य संपलं आणि घेणेकरी उरले, की त्यांची पापं उचलून ह्याच्या खात्यावर, आणि हा आगीत.

ही मोजपट्टी मी बाहेरून आणलेली नाही, त्याच्याच धर्मातली आहे. ती घेऊन त्या मातीच्या कबरीसमोर उभं राहिलं की घेणेकऱ्यांची रांग दिसायला लागते. १६५८ पासून मरेपर्यंत कैदेत ठेवलेला बाप. १६५९ साली मारलेला सख्खा भाऊ दारा. १६८९ साली हाल हाल करून मारलेले संभाजी महाराज. गोवळकोंडा घेऊन दौलताबादेत डांबलेला तानाशाह, आणि तो तर ह्याच गावात पुरलेला. म्हणजे कैद करणारा आणि कैदी, दोघंही एकाच मातीत, एकाच तुतारीची वाट बघत. निकाल काय लागेल हे सांगणारा मी कोण? पण आपल्या बादशहाला 'खुल्द-मकान' म्हणून मोकळं होणाऱ्या दरबारापेक्षा, स्वतः बादशहाला मामला जास्त नीट कळला होता असं वाटतं.

आता माझ्या लहानपणच्या भुंग्याकडे. घेणेकरी मुसलमान असायला हवा का? नाही. मुसलमानांशी करार करून राहणाऱ्या परधर्मीयावर जो अन्याय करेल, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी मी स्वतः उभा राहीन, असं पैगंबरांनी सांगितल्याचं 'सुनन अबू दाऊद'मध्ये आहे. संभाजी महाराजांचं घेणं ते कलमा पढत नव्हते म्हणून बुडत नाही. तसंच बाबांचंही.

मग माझ्या मित्राने सांगितलं ते खोटं होतं का? अगदी खोटं म्हणता येणार नाही. सत्य कळूनही जे नाकारतात त्यांना जहन्नम, हे परंपरेतलं मुख्य मत आहे. पण 'कळूनही' ह्या शब्दावर शतकानुशतकं खल झालाय. ११११ साली वारलेल्या इमाम गजालीने लिहून ठेवलंय, की ज्यांच्यापर्यंत संदेश पोचलाच नाही किंवा वाकडातिकडा पोचला, ते देवाच्या दयेत येतात. चौदाव्या शतकातल्या इब्न कय्यिमने तर जहन्नमची आग कधीतरी संपेल का, ह्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहिली. मधल्या सुट्टीत एवढं सगळं मावत नाही.

पण चाचांनी ह्यातलं काही वाचलेलं असण्याची शक्यता शून्य. त्यांना एवढंच पक्कं माहीत होतं, की आपल्याला पूल ओलांडायचा असेल तर ह्या ओट्यावर बसलेल्या माणसाची माफी लागणार. तो कुठे जाणार ते देव बघून घेईल. आपली जन्नत शेजाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या दोन शब्दांवर अडकलेली आहे. जगायला ही फार अवघड श्रद्धा आहे, आणि फार चांगली.

आता सांगतो, हे सगळं आत्ताच का डोक्यात आलं.

मार्च २०२५ मध्ये ह्या कबरीवरून राज्यभर वाद पेटला. कबर हटवा, नाव बदला, नागपुरात दंगल, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते आलंच. एकाने औरंगजेबावरून सुरुवात केली आणि चार मेसेजनंतर गाडी 'तुम्ही लोक' वर आली. ग्रुपमध्ये 'तुम्ही लोक' म्हणजे एकटा चाचांचा पोरगा. ज्याच्या डब्यातला शिरखुर्मा सगळ्यांनी ओरपलाय तो. मी मेसेज वाचले. निळ्या खुणा पडल्या. म्हटलं मीटिंग आहे, नंतर बघू. संध्याकाळी बघितलं तर तो ग्रुप सोडून गेला होता. मी तेव्हाही काही केलं नाही.

चाचा जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या कबरीवर ना घुमट ना जाळी.

खुलताबादहून निघालो, फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याचा घाट उतरलो. फर्दापूरला चहाला थांबलो आणि तिथून त्याला फोन लावला. तीन-चार रिंग झाल्यावर उचलला. "बोल." नुसतं एवढंच. मी काहीतरी लांबलचक तयारी केली होती, ती सगळी विसरलो. म्हटलं, "अरे, त्या दिवशी ग्रुपवर मी गप्प बसलो. कहा-सुना माफ कर."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कहा तर तू काहीच नाही ना. सुना फक्त."

बरोबर होतं त्याचं.

"तरी तोंडानं म्हण," मी म्हटलं.

"घरी ये. मग बघू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सोयगावात शिरलो तेव्हा अंधार पडला होता. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं आणि आत दिवा चालू होता. मी गाडी घराकडे न नेता तिथेच लावली.